दोष कोणाचा, तोटा कोणाचा?

कामावर असताना कामगाराला अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी, ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो. भरपाई वेळेवर मिळत नाही, पुरेशी मिळत नाही, अशी तक्रार आपण करतो. पण ती मिळायला हवी की नको, यावर कोणी वाद घालत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र वाद नेमका यावरच होता, आणि अमेरिकेतले शहाणेसुरते न्यायाधीश, वकील आणि कारखानदार बहुतांशी त्यात कामगाराच्या विरुद्ध बाजूला उभे होते. तो वाद कसा पुढे सरकला याची एक हकीकत आज मी सांगणार आहे. ती घडली पिट्सबर्ग आणि न्यूयॉर्क येथे, १९०७ ते १९१७ या दहा वर्षांत. कामगार कायदा शिकवताना मी ती वर्गात अनेकदा सांगितली आहे. कष्टाने गोळा केलेली माहिती कायद्याला कशी हलवते आणि ती माहिती कुठे जाऊन अडते, या दोन्ही गोष्टी या हकीकतीत दिसतात.

आधी त्या काळचा कायदा समजून घेऊ. त्याचे तत्त्व सरळ होते : ज्याची चूक, त्याने भरपाई द्यायची. यंत्रात सापडून कामगाराचा हात गेला, तर त्याने न्यायालयात जाऊन मालकाची हयगय सिद्ध करायची. ऐकायला यात गैर काही वाटत नाही. पण मालकाच्या हाती तीन ढाली होत्या. पहिली ढाल अशी की, कामगाराची स्वतःची थोडी जरी हयगय असेल, तरी त्याचा दावा फेटाळला जाई. दुसरी अशी की, अपघात एखाद्या सहकाऱ्याच्या चुकीमुळे झाला असेल, तर मालक जबाबदार नाही. हा नियम १८३७ साली इंग्लंडमधल्या एका खाटकाच्या गाडीच्या अपघातावरून निघाला. १८४२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने तोच नियम रेल्वेच्या इंजिन ड्रायव्हरला लावला. सांधेवाल्याच्या चुकीने त्या ड्रायव्हरचा हात गेला होता. खाटकाच्या दुकानातले दोन नोकर एकमेकांवर लक्ष ठेवू शकतील. धावत्या इंजिनावरच्या माणसाने पुढच्या सांधेवाल्यावर कसे लक्ष ठेवावे, हा प्रश्न न्यायालयाला अडचणीचा वाटला नाही. आणि तिसरी ढाल : काम धोक्याचे आहे हे ठाऊक असून तू ते पत्करलेस, तेव्हा धोकाही पत्करलास.

या तीन ढालींच्या मागे एक समजूत होती. अपघात होतो तो कामगाराच्या निष्काळजीपणाने, ही ती समजूत. पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांत तर तिला आकडाच लाभला होता. शंभरांतले पंचाण्णव अपघात जखमी होणाऱ्याच्याच बेपर्वाईने होतात, असे तिथले कारखान्यांवरचे अधिकारी सहज सांगून टाकत. हा आकडा कोणी काढला, कशावरून काढला, हे कोणी विचारत नसे. वर्षानुवर्षे धंद्यात असलेल्या माणसाने सांगितले म्हणजे झाले!

अशा वातावरणात १९०७ साली क्रिस्टल ईस्टमन नावाची सव्वीस वर्षांची तरुणी पिट्सबर्गला आली. तिचे आई आणि वडील दोघेही धर्मोपदेशक होते. तिने कोलंबिया विद्यापीठात समाजशास्त्राचा अभ्यास केला होता आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली होती. स्त्रियांना वकिली करू देण्यास तेव्हा फारसे कोणी राजी नसत. पॉल केलॉग या पत्रकाराच्या नेतृत्वाखाली पिट्सबर्ग शहराची मोठी पाहणी सुरू होत होती. रसेल सेज फाउंडेशनने तिला पैसे दिले होते. घरे, पाणी, मजुरी, कामाचे तास, बायकांचे काम, असे विषय वेगवेगळ्या लोकांनी वाटून घेतले. ईस्टमनच्या वाट्याला अपघात आले.

तिने काम कसे केले, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळे महत्त्व त्या पद्धतीत आहे. तिने सुरुवात केली ती कॉरोनरच्या दप्तरापासून. मुंबईच्या जुन्या श्रोत्यांना कॉरोनर हा शब्द ओळखीचा असेल. अपमृत्यूची चौकशी करणारा हा अधिकारी. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मुंबईतही कॉरोनरचे न्यायालय होते. पिट्सबर्ग ज्या ॲलेघेनी जिल्ह्यात आहे, तिथल्या कॉरोनरच्या नोंदींतून तिने १ जुलै १९०६ ते ३० जून १९०७ या एका वर्षात कामावर मरण पावलेल्या प्रत्येक माणसाचे नाव काढले. शिवाय १९०७ च्या एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांत इस्पितळांत दाखल झालेल्या जखमींची यादी केली. मग प्रत्येक मृत्यूच्या चौकशीचे कागद वाचले. अपघात कसा झाला याविषयी जिथे शक्य होते तिथे कारखान्यात आणि सोबतच्या कामगारांकडे विचारपूस केली. आणि त्यानंतर मृतांच्या घरी जाऊन विचारले : घरात कमावते कोण होते? आता कोण आहे? कंपनीने किती पैसे दिले? कोणत्या कागदावर सही घेतली? मुले शाळेत आहेत की कामाला लागली?

दप्तर आणि घर ही दोन टोके तिने एकत्र जोडली. दप्तरात माणसाच्या मृत्यूचे कारण होते, पण त्याचे परिणाम नव्हते. घरात परिणाम होते, पण शेजारच्या घरातही तेच घडले आहे याची जाणीव नव्हती. प्रत्येक विधवेला आपले दुर्दैव एकटीचे वाटत होते.

त्या एका जिल्ह्यात, एका वर्षात मेलेल्या कामगारांची संख्या निघाली ५२६. त्यांत पोलाद कारखान्यांतले १९५, रेल्वेतले १२५, खाणींतले ७१ आणि इतर धंद्यांतले १३५ होते. इस्पितळांत दाखल झालेल्या जखमींची संख्या त्या तीन महिन्यांतच ५०९ होती. या मृत्यूंची एक दिनदर्शिका तयार करण्यात आली. ज्या दिवशी माणूस मेला, त्या दिवसाच्या चौकटीत एक तांबडी फुली. पाहणीच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर ठेवली गेली. फुली नसलेले दिवस शोधावे लागत होते. आकड्यांचा कोष्टक न वाचणाऱ्या माणसालाही ती दिनदर्शिका समजत होती.

मग तिने त्या पंचाण्णव टक्क्यांची तपासणी केली. प्रत्येक मृत्यूच्या हकीकतीवरून तिने जबाबदारी कोणाकडे जाते ते पाहिले. सगळा दोष मालकांचा, असा निष्कर्ष तिने काढला नाही, हे मला विशेष वाटते. काही अपघात खरोखरच मेलेल्याच्या चुकीने झाले होते, काही सहकाऱ्यांच्या, काही मुकादमाच्या, काही मालकाच्या. कितीतरी अपघातांत कोणाचीच चूक दाखवता येत नव्हती. त्या कामाचे स्वरूपच तसे होते. आणि जिथे कामगाराची चूक दिसत होती, तिथेही तिने पुढचा प्रश्न विचारला. बारा-बारा तास भट्टीशेजारी उभा राहणारा, घाई करण्याचा हुकूम असलेला, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात काम करणारा माणूस क्षणभर बेसावध झाला, तर त्याला निष्काळजी म्हणायचे का? पंचाण्णव टक्क्यांचा तो आकडा तिच्या तपासणीत कुठेच टिकला नाही.

पण सर्वांत जड माप पडले ते पैशांच्या आकड्यांचे. मृतांमध्ये जे विवाहित होते, त्यांच्या कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबांना मालकाकडून १०० डॉलर किंवा त्याहूनही कमी मिळाले होते. अनेकांना काहीच मिळाले नव्हते. १०० डॉलर म्हणजे पोलाद कारखान्यातल्या साध्या मजुराची साधारण दोन महिन्यांची मजुरी. दफनाचा खर्च भागला की संपले. पिट्सबर्गचे पुष्कळ मजूर पूर्व आणि दक्षिण युरोपातून आलेले होते. त्यांची बायकामुले मायदेशीच होती. परदेशात राहणाऱ्या अशा वारसांना पेनसिल्वेनियाच्या न्यायालयांत मृत्यूबद्दल दावाच लावता येत नसे. कोकणातून गिरणीत आलेल्या आणि दरमहा घरी मनीऑर्डर धाडणाऱ्या माणसांची आठवण असलेल्या आपल्या लोकांना, याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या सगळ्यावरून ईस्टमनने प्रश्नच बदलला. दोष कोणाचा, हे शोधण्यात कायदा गुंतला होता. तिने विचारले : तोटा कोणाचा होतो? पोलाद सगळ्या देशाला हवे. त्याचा नफा मालकाला, त्याचा उपयोग ग्राहकाला. मग ते बनवताना जी माणसे ठरावीक प्रमाणात दरवर्षी मरतात, त्यांचा तोटा एकट्या विधवेने का सोसावा? यंत्र झिजले की त्याचा खर्च मालाच्या किमतीत धरतात, तसाच माणसाच्या जिवाचा आणि अवयवांचाही खर्च धरला पाहिजे. तिचे ‘वर्क-ॲक्सिडेंट्स अँड द लॉ’ हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. लुईस हाइन याने काढलेली छायाचित्रेही या पाहणीच्या कामी आली.

हा विचार तिचा एकटीचा होता असे नाही. जर्मनीत बिस्मार्कने १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा केला होता. इंग्लंडने १८९७ मध्ये चूक सिद्ध न करता भरपाई देण्याचे तत्त्व स्वीकारले होते. अमेरिकेत मात्र ‘ते युरोपचे झाले, आपल्याकडे परिस्थिती निराळी’ असे म्हणून विषय टाळता येत होता. पिट्सबर्गच्या आकड्यांनी ही पळवाट बंद केली.

१९०९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने या प्रश्नावर एक आयोग नेमला. सिनेटर वेनराइट त्याचे अध्यक्ष होते. गव्हर्नर ह्यूज यांनी ईस्टमनची त्यावर नेमणूक केली. आयोगातली ती एकटी स्त्री, आणि चिटणिसाचे कामही तिच्याकडेच. आयोगाने मालकांच्या साक्षी घेतल्या, कामगारांच्या घेतल्या आणि विमा कंपन्यांचे हिशेबही मागवले. त्या हिशेबांतून निघालेली गोष्ट कारखानदारांनाही विचार करायला लावणारी होती. अपघाताच्या दाव्यांपासून संरक्षण म्हणून मालक विम्याचे जे हप्ते भरत होते, त्यांपैकी सुमारे ३६ टक्केच रक्कम दावे मिटवण्यासाठी खर्च होत होती. बाकीची रक्कम कंपनीचा कारभार, दलाली, वकील आणि नफा यांत जात होती. जे कामगारापर्यंत जाई, त्यातूनही वकिलाची फी वजा होई. म्हणजे मालक पैसे देत होता आणि विधवेला ते मिळत नव्हते. या आकड्यामुळे मालक आणि कामगार, दोघांनाही जुन्या पद्धतीत आपला तोटा दिसू लागला. १९१० मध्ये यू. एस. स्टील कंपनीने स्वतःहून भरपाईची योजना सुरू केली. न्यायालयातून मोठी रक्कम मिळवण्याचा हक्क सोडायला आधी नाखूश असलेल्या कामगार पुढाऱ्यांचेही मत याच सुमारास पालटले.

१९१० मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने कायदा केला. धोक्याच्या काही धंद्यांत अपघात झाला, तर चूक कोणाची हे न पाहता ठरावीक भरपाई द्यायची. इथे ही गोष्ट सुखान्त व्हायला हरकत नव्हती. पण साउथ बफेलो रेल्वेच्या आइव्हज नावाच्या कामगाराचा घोटा कामावर मुरगळला, त्याने भरपाई मागितली आणि कंपनीने कायद्यालाच आव्हान दिले. २४ मार्च १९११ रोजी राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने एकमताने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. ज्याने काही चूक केलेली नाही, त्याचे पैसे काढून दुसऱ्याला देणे म्हणजे मालमत्ता हिरावणे, असे न्यायालयाचे म्हणणे. आयोगाच्या अहवालातल्या आकड्यांच्या राशीचा, परदेशांतल्या कायद्यांचा न्यायालयाने उल्लेख केला. आर्थिक आणि नैतिक विचार कितीही आकर्षक असले तरी राज्यघटनेपुढे ते दुय्यम, असा त्याचा आशय होता.

वर्गात मी हा निकाल वाचून दाखवत असे, तेव्हा मुले चिडत. न्यायाधीशांना आकडे समजले नाहीत का, असे विचारत. मी त्यांना सांगत असे की, त्यांना आकडे समजले होते. पण काय घडते हे आकडे सांगतात. काय मान्य आहे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वेगळा आहे. तो अधिकार शेवटी लोकांकडे न्यावा लागतो.

आणि लोकांपुढे तो प्रश्न दुसऱ्याच दिवशी आला, अत्यंत भीषण रीतीने. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. कारखाना इमारतीच्या वरच्या मजल्यांवर होता. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ जण मेले. त्यांत बहुतेक परदेशांतून आलेल्या ज्यू आणि इटालियन तरुण मुली होत्या. अनेकींनी रस्त्यावरच्या गर्दीसमोर खिडक्यांतून उड्या टाकल्या. मालकांवर खटला झाला, ते निर्दोष सुटले. पुढे १९१४ मध्ये काही कुटुंबांचे दिवाणी दावे मिटले, तेव्हा एका जिवामागे सुमारे ७५ डॉलर मिळाले. दोष सिद्ध करण्याच्या जुन्या कायद्याने काय मिळते, हे याहून स्पष्ट कोणी सांगू शकले नसते.

पुष्कळदा असे सांगितले जाते की त्या आगीने कायदा आणला. मला हे अर्धवट वाटते. लोकांचा संताप आगीने उभा केला, यात शंका नाही. पण संताप झाला की काय करायचे, याचे उत्तर तयार असावे लागते. ते उत्तर आयोगाच्या अहवालात आधीच लिहून ठेवलेले होते. म्हणूनच न्यूयॉर्कमध्ये शोकसभांपुढे पाऊल पडले. १९१३ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी राज्यघटनेतली दुरुस्ती मंजूर केली. नवा कायदा १ जुलै १९१४ पासून अमलात आला. त्यालाही एका रेल्वे कंपनीने आव्हान दिले. एका रात्रपाळीच्या पहारेकऱ्याच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. मालकावर नवी जबाबदारी येते हे खरे, पण मोठ्या दाव्यांतून त्याची सुटकाही होते; कामगाराचा दाव्याचा हक्क जातो, पण त्याला निश्चित रक्कम मिळते; असा हा देवाणघेवाणीचा व्यवहार आहे, हे न्यायालयाने मान्य केले. तोवर विस्कॉन्सिनसह अनेक राज्यांनी असे कायदे केले होते. शेवटचे राज्य मिसिसिपी, १९४८ मध्ये.

या यशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. अपघात मोजले गेले, म्हणून अपघातांना भरपाई मिळाली. शिशाच्या विषाने किंवा दगडाच्या धुळीने वर्षानुवर्षे झिजून मरणारा माणूस कॉरोनरच्या दप्तरात येत नव्हता. त्यामुळे तो पहिल्या कायद्यांतही बहुधा आला नाही. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका पुष्कळ ठिकाणी बाहेरच राहिल्या. जे पाहणीत सुटते, ते कायद्यातही सुटते.

आपल्याकडचा कामगार भरपाई कायदा १९२३ चा. तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याचा नमुना इंग्लंडचा होता, अमेरिकेचा नव्हे. पण पिट्सबर्गमध्ये ज्या अडचणी मोजल्या गेल्या, त्याच इथेही होत्या. मृत्यूची भरपाई मालकाने विधवेच्या हातात परस्पर न देता कमिशनरकडे जमा करायची, आणि हक्क सोडून दिल्याचा करार कायद्याने निरर्थक, या तरतुदी त्यासाठीच होत्या. रकमा मात्र तुटपुंज्या होत्या. प्रौढ कामगाराच्या मृत्यूला ३० महिन्यांचा पगार किंवा २५०० रुपये, यांत जे कमी असेल ते. अल्पवयीन मुलाच्या मृत्यूला २०० रुपये. कामाला मुकल्याचे पहिले दहा दिवस भरपाईत धरतच नसत. व्यवसायजन्य रोगांच्या यादीत शिसे आणि फॉस्फरस यांची विषबाधा होती, पण मुंबईच्या गिरण्यांतल्या कापसाच्या धुळीने होणारा छातीचा रोग नव्हता. तो पुष्कळ नंतर आला.

१९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली मजूर आयोग आला. त्याचे एक सदस्य होते नारायण मल्हार जोशी. मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या वस्त्यांत सोशल सर्व्हिस लीगमार्फत त्यांनी १९११ पासून काम केले होते, आणि मध्यवर्ती विधिमंडळात ते कामगारांची बाजू मांडत होते. आयोगाने ठिकठिकाणी फिरून साक्षी नोंदवल्या आणि १९३१ मध्ये अहवाल दिला. त्याच्या आधारे १९३३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. दहा दिवसांचे सात दिवस झाले. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी तरतूद. कामगार अपघातात मेल्याचे कळल्यास कमिशनर स्वतः मालकाकडून खुलासा मागू शकतो, अशी सोय त्या वर्षी झाली. म्हणजे विधवा दावा घेऊन येईपर्यंत वाट पाहायची नाही. तिला कायदा ठाऊक नसेल, ती गावी गेली असेल, हे गृहीत धरून सरकारने आधी विचारायचे.

पुढे १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा आला. २००९ मध्ये जुन्या कायद्याचे नाव बदलून ‘कर्मचारी भरपाई कायदा’ झाले. २०२० मध्ये संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली आणि भरपाईच्या तरतुदी तिच्यात घेतल्या. कायद्यांची भाषा सुधारत गेली आहे. तरीही बांधकामावरून पडलेला मजूर ठेकेदाराचा, तो ठेकेदार दुसऱ्या ठेकेदाराचा, आणि हजेरीपटावर मजुराचे नावच नाही, ही स्थिती आपण सारे जाणतो. ठेकेदाराच्या मजुराबद्दल मूळ मालकाला जबाबदार धरण्याची तरतूद १९२३ पासून आहे. पण तो तिथे कामाला होता, हेच दाखवता आले नाही, तर ती तरतूद कपाटात राहते.

म्हणून भरपाईची रक्कम किती वाढवावी यावर चर्चा होते, तेव्हा मी एक साधा प्रश्न आधी विचारतो. आपल्या जिल्ह्यात गेल्या वर्षी कामावर किती माणसे मेली, आणि त्यांच्या घरी किती पैसे पोचले? ईस्टमनने हाच प्रश्न घेऊन दारे ठोठावली होती. त्यासाठी तिला लागले एक दप्तर, काही सहकारी आणि एक वर्ष. आपल्या गावात कोणी तरुण अभ्यासकाने हे काम हाती घेतले, तर त्याला पोलिसांच्या, इस्पितळाच्या आणि कारखाना निरीक्षकाच्या नोंदींपासून सुरुवात करता येईल. मात्र तिथे न थांबता त्याला त्या घरांपर्यंत जावे लागेल.